हाय-रेझ ऑडिओ: नव्याने कान देऊन ऐकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मोबाइलच्या खोक्यावर ‘हाय-रेझ ऑडिओ’चं सोनेरी चिन्ह, अ‍ॅपमध्ये ‘लॉसलेस’चा पर्याय, आणि दुकानात ‘24 बिट, 192 किलोहर्ट्झ’ ऐकवणारा विक्रेता. हे सगळं एकदम समोर आलं की गोंधळ उडणारच. इथली उत्तरं मुख्यतः आपलं संगीत ऐकणाऱ्यांसाठी आहेत: ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं, घरातल्या जुन्या कॅसेट. आकडे जागोजागी दिले आहेत, कारण आकडे माहीत नसले की या विषयात कुणीही आपल्याला काहीही विकू शकतं.

डिजिटल फाइलमध्ये आवाज साठवला जातो म्हणजे नेमकं काय होतं?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. मायक्रोफोन त्यांचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि कन्व्हर्टर हा विजेचा दाब सेकंदाला हजारो वेळा मोजून दर वेळी एक आकडा लिहून ठेवतो. सेकंदाला किती वेळा मोजलं, हा सॅम्पलिंग रेट; तो किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे हजारांत सांगतात. प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने घेतलं, ही बिट डेप्थ. सीडीवर सेकंदाला 44,100 मोजमापं असतात आणि प्रत्येक मोजमाप 16 बिटचं, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं. 24 बिटमध्ये याच पायऱ्या 1,67,77,216 होतात. डाव्या आणि उजव्या बाजूची मोजमापं वेगवेगळी.

44,100 हा असा विचित्र आकडा का?

माणसाला साधारण 20 हर्ट्झपासून (सेकंदाला 20 कंपनं) 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये जे सिद्धान्तरूपात मांडलं, ते थोडक्यात असं: एखाद्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पूर्ण टिपायचा, तर तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घ्यायला हवं. म्हणजे 40,000 च्या वर कुठेतरी थांबायचं होतं.

नेमके 44,100 ठरले ते व्हिडिओ टेपमुळे. सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. व्हिडिओ चित्राच्या दर ओळीत तीन मोजमापं बसवायची, तर एका पद्धतीत 245 ओळी गुणिले सेकंदाला 60 वेळा गुणिले 3, आणि दुसऱ्या पद्धतीत 294 ओळी गुणिले 50 गुणिले 3. दोन्हींचं उत्तर 44,100. अमेरिका-जपानची आणि युरोपची व्हिडिओ यंत्रं, दोन्हींवर चालणारा हा आकडा सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीसाठी कायम केला आणि 1982 मध्ये सीडी बाजारात आली.

मग हाय-रेझ कशाला म्हणायचं?

सीडीपेक्षा बारीक मोजमाप असेल ते हाय-रेझ. अमेरिकेतल्या संगीत आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संस्थांनी 2014 मध्ये अशीच व्याख्या केली. बाजारात प्रामुख्याने 24 बिट / 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट / 192 किलोहर्ट्झ अशा फाइली दिसतात. सोनेरी चिन्ह जपान ऑडिओ सोसायटीचं आहे. उपकरण 40 किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरपर्यंत काम करतं, ही त्यामागची एक मुख्य अट. तुमच्या कानाच्या मर्यादेच्या दुप्पट आहे ती. म्हणजे चिन्ह यंत्राची क्षमता सांगतं. तो इअरफोन ऐकायला गोड आहे की कर्कश, हे त्या चिन्हावरून मुळीच कळत नाही.

जास्त वेळा मोजलं की लहर जास्त गुळगुळीत होते ना? जाहिरातीत तर पायऱ्यांचं चित्र असतं.

ते चित्र दिशाभूल करतं, आणि या विषयातला सर्वांत पक्का गैरसमज त्याच चित्राने पसरवला आहे. फाइलमध्ये पायऱ्या नसतात, सुटे बिंदू असतात. त्या सगळ्या बिंदूंमधून जाणारी आणि ठरलेल्या कंपनसंख्येच्या आतली लहर एकच असू शकते, दुसरी नाही. डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं सर्किट, आपल्या फिल्टरने नेमकी तीच लहर बांधतो. त्यामुळे 44,100 बिंदूंमधून निघालेली 5,000 हर्ट्झची लहर आणि 1,92,000 बिंदूंमधून निघालेली तीच लहर सारख्याच गुळगुळीत असतात. सॅम्पलिंग रेट वाढवून मिळतं ते फक्त वरचं क्षेत्र. 96 किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये 48,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तो वटवाघळाला ऐकू जाईल, आपल्याला नाही.

आणि 24 बिटचं काय? त्याने तरी बारकावे वाढतात ना?

दर बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे 6 डेसिबलने वाढतं. म्हणून 16 बिटला साधारण 96 डेसिबल आणि 24 बिटला कागदोपत्री 144. प्रत्यक्षात उत्तम कन्व्हर्टरसुद्धा 120 च्या आसपास थांबतात, कारण सर्किटची स्वतःची सरसर त्यापलीकडे जाऊ देत नाही. तुलनेसाठी: साध्या कॅसेटवर हे अंतर 50 ते 55 डेसिबल, चांगल्या एलपीवर 60 ते 70.

आता घरात बघा. रात्री सगळं शांत झाल्यावरही खोलीत 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, आणि पंखा चालू असेल तर आणखी. त्यावर 96 डेसिबल चढवलं तर 126 होतात, जे कानाला दुखापत करणारं आहे. म्हणजे ऐकण्यासाठी 16 बिट पुरून उरतात.

ध्वनिमुद्रण करताना मात्र 24 बिटच हवेत, यात मला जराही शंका नाही. गायक कधी तार षड्जावर जाईल आणि डग्ग्यावर कधी जोरकस थाप पडेल, हे आधी सांगता येत नाही. 24 बिटमध्ये पातळी भरपूर खाली ठेवून मुद्रण केलं तरी बारीक आवाज सरसरीत बुडत नाहीत आणि अचानक आलेला मोठा आवाज फाटत नाही. नंतर संपादन करताना आकड्यांवर पुन्हा पुन्हा प्रक्रिया होते, तेव्हाही ही जास्तीची जागा कामी येते. काम संपल्यावर ऐकण्याची प्रत 16 बिटची केली तर काही बिघडत नाही.

पण कानाला फरक कळतो का? हो की नाही?

बहुतेकांना, बहुतेक वेळा, नाही.

ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज थेट ऐकवायचा, मग तोच 16 बिट / 44.1 च्या टप्प्यातून काढून ऐकवायचा, आणि कोणता कोणता ते ओळखायला सांगायचं. नेहमीच्या आवाजात लोकांना ते ओळखता आलं नाही. 2016 मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी 18 प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. 12,500 पेक्षा जास्त चाचण्यांत बरोबर उत्तरं 52.3 टक्के निघाली. डोळे मिटून नाणं उडवलं तर 50 टक्के येतात. फरक अगदी थोडा, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा. सराव दिलेल्या श्रोत्यांत तो वाढत होता.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की माझं मत असं बनतं: फरक असेल तर तो इतका बारीक आहे की त्याआधी दहा ठळक गोष्टींकडे लक्ष द्यायला हवं. त्या पुढे येतातच.

मग एमपी3 ही चालेल का?

इथे फरक खरा आहे आणि आपल्या संगीतात तो लवकर पकडता येतो. एमपी3 मोठ्या आवाजाच्या शेजारचे बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत या गोष्टीचा फायदा घेतो आणि ते टाकून देतो. 320 केबीपीएसच्या बिटरेटला, म्हणजे सेकंदाला 320 किलोबिट वापरले तर, हे काम इतकं चांगलं होतं की चांगल्या हेडफोनवरही मूळ कोणतं ते सांगणं बहुतेकांना जमत नाही. 128 ला मात्र बरंच काही हरवतं.

तंबोऱ्यावर कान ठेवून बघा. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा नीट बसला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो. त्याच्याही वर उपस्वरांची एक झालर असते, जी तार छेडल्यावर हळूहळू रंग बदलत खाली उतरते. 128 च्या फाइलमध्ये ही झालर पाण्याखालून आल्यासारखी डुचमळते, मधेच तुटते. गंधार असतो, पण त्याच्याभोवतीची जाग नसते.

दुसरी जागा तबल्याची. एमपी3 आवाजाचे सुमारे 26 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून काम करतो. शांततेनंतर चाटेवर ‘ना’ पडला की त्या तुकड्यातली चूक आघाताच्या आधीच्या शांततेतही सांडते. त्यामुळे ‘ना’च्या किंचित आधी एक पुसट सरसर ऐकू येते आणि बोलाची धार बोथट होते. मुखड्यानंतरची सम ऐका, टाळ्या ऐका, झांजा ऐका: कमी बिटरेट तिथे लगेच उघडा पडतो.

फ्लॅक, अलॅक, वेव्ह, एएसी... यातलं काय घ्यावं?

फ्लॅक (2001 पासून, खुला) आणि अ‍ॅपलचा अलॅक लॉसलेस आहेत: फाइल लहान होते पण उघडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो. वेव्ह म्हणजे न दाबलेली फाइल, नाव-गाव लिहून ठेवायला गैरसोयीची. एएसी एमपी3 सारखाच काटछाट करणारा, पण त्याच बिटरेटला बहुधा सरस. संग्रहासाठी फ्लॅक, आयफोनवाल्यांनी हवं तर अलॅक. एमपी3 चं फ्लॅक करून गेलेलं काहीच परत येत नाही.

जागा किती लागते?

तासाभराच्या ख्यालाचा हिशोब: 320 चा एमपी3 सुमारे 144 एमबी. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला आवाज 635 एमबी, फ्लॅकमध्ये साधारण त्याचा अर्धा ते दोन तृतीयांश. 24/96 न दाबलेला सुमारे 2 जीबी, 24/192 त्याच्या दुप्पट. मोबाइल डेटावर प्रवासात हाय-रेझ चालू ठेवण्यात शहाणपणा नाही.

ब्लूटूथवर हाय-रेझ ऐकता येतं का?

जवळपास नाहीच. सीडीच्या दर्जाला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात, 24/96 ला 4,608. ब्लूटूथचा मूळ एसबीसी कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, साधारण 328 वर चालतो. सोनीचा एलडॅक 330, 660 किंवा 990 वर, आणि फोन खिशात असला किंवा गर्दीत असलात तर तो गुपचूप खाली उतरतो. अ‍ॅप्टएक्स लॉसलेस सीडीपर्यंत पोचतो, पण फोन आणि हेडफोन दोन्हींत तो असावा लागतो. एअरपॉडवर आवाज एएसीतून जातो. त्यामुळे अ‍ॅपल म्युझिकमध्ये 192 किलोहर्ट्झचा पर्याय चालू करून एअरपॉडवर ऐकणाऱ्याला ते 192 कधीच मिळत नाहीत.

याचा अर्थ ब्लूटूथ टाकाऊ आहे असा नाही. चांगला ब्लूटूथ हेडफोन वाईट वायरच्या हेडफोनपेक्षा कधीही बरा.

वेगळा डॅक घ्यावा का?

फोनमध्ये हेडफोनचं भोक उरलं नसेल तर यूएसबी-सी ला लावायचा छोटा अडॅप्टर घ्यावाच लागेल, आणि तोच डॅक असतो. अ‍ॅपलचा छोटा अडॅप्टर 24 बिट / 48 किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि ऐकायला स्वच्छ आहे. सरसर ऐकू येत असेल किंवा जड हेडफोनला आवाज पुरत नसेल तर महागडा घ्या. आजच्या बऱ्या डॅकमधला आपसातला फरक हेडफोनमधल्या फरकापुढे किरकोळ आहे. अनेक अँड्रॉइड फोन सगळा आवाज 48 किलोहर्ट्झला बदलून पाठवतात, तेव्हा डॅकवर 192 चा दिवा लागला नाही म्हणून तो बिघडला असं समजू नका.

मग पैसे कशावर खर्च करू?

हेडफोन किंवा स्पीकर, आणि त्यानंतर खोली. हे दोन सोडून बाकी सगळं दुय्यम आहे.

खोलीबद्दल लोक बोलत नाहीत, पण आपल्याकडच्या घरात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असतात. टाळी वाजवली की ‘टर्र’ असा आवाज परत येत असेल तर तिथे कुठल्याही स्पीकरवर तानेचे दाणे एकमेकांत मिसळणार. स्पीकरसमोर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की डग्गा घुमायला लागतो, म्हणून तो भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. या बदलाला पैसे लागत नाहीत आणि तो कुणालाही पहिल्या दोन मिनिटांत ऐकू येतो.

जुन्या गायकांच्या ‘हाय-रेझ’ आवृत्त्या येतात. त्या घ्याव्यात का?

मूळ मुद्रण कशावर झालं होतं, हे आधी विचारा. गौहर जान यांचं मुद्रण कोलकात्यात 1902 मध्ये झालं तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. कर्ण्यात गायचं आणि सुई मेणावर खाचा पाडायची. विजेवरचं मुद्रण 1925 च्या सुमारास आलं. 78 आरपीएमच्या तबकडीवर वरचे स्वरांश फारसे नसतातच, त्यामुळे तिच्या फाइलमध्ये 96 किलोहर्ट्झने संगीत वाढणार नाही. सरसर आणि ओरखडे काढणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र बारीक मोजमापाचा उपयोग होतो, कारण ओरखडा कुठे सुरू होतो ते नेमकं दिसतं.

स्टुडिओतल्या चांगल्या अ‍ॅनालॉग टेपवरून नव्याने केलेली प्रत घेण्यासारखी असते. पण कारण ती टेपवरून काळजीपूर्वक केलेली असते, हे आहे. 1987 नंतरच्या डॅट या डिजिटल टेपवर, म्हणजे 16 बिट / 48 किलोहर्ट्झवर झालेलं मुद्रण ‘24/192’ म्हणून विकलं जात असेल तर ते फक्त फुगवलेलं आहे. तपासायचं असेल तर संगणकावर ‘स्पेक’ किंवा ‘ऑडॅसिटी’ या प्रोग्राममध्ये फाइलचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचं चित्र, बघा. 22 किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ आणि वर काळोख दिसला तर मूळ सीडीचं. रेघ 16 च्या आसपास असेल तर बहुधा कमी बिटरेटचा एमपी3 कुणीतरी फ्लॅकच्या पिशवीत भरला आहे.

एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या इतक्या वेगळ्या का वाटतात?

मास्टरिंगमुळे, म्हणजे बाजारात जाण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हातामुळे, आणि कानाला सर्वांत जास्त कळणारा फरक हाच. 1990 नंतर गाणी शेजारच्या गाण्यापेक्षा मोठी वाटावीत म्हणून हळू आवाज वर ओढून मोठे आवाज कापायची स्पर्धा लागली. ख्यालावर हे केलं की आलापीतली कुजबुज आणि द्रुतातला जोर एकाच पातळीवर येतात आणि गाण्यातला चढ संपतो. सुधारून बाजारात आलेल्या काही आवृत्त्यांत सरसर काढताना श्वास आणि जवारीही काढलेली असते. अशा वेळी साध्या सीडीची जुनी आवृत्ती नव्या हाय-रेझपेक्षा कितीतरी चांगली.

मला स्वतःला फरक कळतो का, हे कसं तपासू?

एकच हाय-रेझ फाइल घ्या, तिचीच 16/44.1 प्रत स्वतः करा. दोन वेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या फाइलींची तुलना करू नका, कारण मास्टरिंग वेगळं असू शकतं. दोन्हींची पातळी अगदी सारखी हवी. अर्धा-एक डेसिबल मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. संगणकावर गाणी वाजवणाऱ्या ‘फूबार2000’ या प्रोग्रामला एबीएक्स या आंधळ्या चाचणीचं जोडउपकरण मिळतं, ते कोणती फाइल वाजतेय हे लपवतं. 16 वेळा ओळखा. 12 किंवा जास्त बरोबर आल्या तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी आहे. अट एकच: किती वेळा करायचं ते आधी ठरवा आणि मनासारखा निकाल येईपर्यंत करत राहू नका.

आवाज किती मोठा ठेवावा?

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब: 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास, 90 ला फक्त 4 तास. लोकलमध्ये किंवा रस्त्यावर बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, म्हणून कान नीट बंद करणारा इअरफोन घ्या.

घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल करायच्या आहेत. कुठल्या दर्जाला कराव्यात?

24 बिट / 48 किलोहर्ट्झ पुरेसे आहेत. जागा असेल तर 24/96 करा. पण आकड्यापेक्षा त्याआधीची तयारी महत्त्वाची, आणि हे काम मनापासून करण्यासारखं आहे: गणेशोत्सवातली बैठक, घरातला वाढदिवसाचा कार्यक्रम, आजीची ओवी, याची जगात दुसरी प्रत नसते.

कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या कॅसेटची रीळ बाजूने बघा. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, ती हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर चढते आणि पुढच्या कॅसेटला लागते. आधी ती साफ करून घ्यावी लागते. टेपमागची फेल्टची छोटी गादी गळून पडलेली असेल तर स्क्रूवाल्या चांगल्या डबीत रीळ बदला. डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं, हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काडीला तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत पुसत राहा.

मग हेडशेजारचा छोटा स्क्रू. मुद्रण करणाऱ्या यंत्राचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड किंचित वेगळ्या कोनात असेल तर वरचे स्वर पुसले जातात. दोन्ही बाजू मोनो करून ऐका आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवत जा. एका जागी तंबोरा अचानक उजळतो आणि ‘स’, ‘श’ स्पष्ट होतात. तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला ही जागा वेगळी असू शकते. डॉल्बीने (सरसर कमी करणारी सोय) मुद्रण केलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवूनच वाजवा, बाकीच्या बंद ठेवून.

संगणकाला लाइन-इन मधून जोडा, माइकच्या भोकात नाही. सर्वांत मोठा आवाज उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा आणि अख्खी बाजू एका दमात घ्या. ही मूळ प्रत फ्लॅकमध्ये जशीच्या तशी ठेवा, तिच्यातली सरसर काढू नका. उद्याची साधनं आजच्यापेक्षा हे काम चांगलं करतील. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

वेगही तपासा. पूर्वी बॅटरी उतरलेली असताना मुद्रण केलं की टेप हळू फिरे, आणि आता वाजवताना सगळं चढं ऐकू येतं. गायकाची पट्टी माहीत असेल, किंवा साथीला पेटी असेल, तर स्वर कुठे बसतो ते ताडून दुसऱ्या प्रतीत वेग दुरुस्त करा. काळी एकवाली बाई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू आली तर टेपमध्येच काहीतरी चुकलं आहे.

शेवटी फाइलच्या नावात गायक, राग, साथीदार, गाव आणि साल लिहा. कॅसेटच्या डबीवरचा कागद दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि हे काम ज्यांना त्या बैठकीची माहिती आहे त्या वडीलधाऱ्यांसोबत बसून करा. सगळ्याच्या दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती, तिसरी दुसऱ्या घरात.